बोल्टचा नंबर

बेळगावच्या माणसाला दोन गोष्टींचे नवल वाटत नाही, एक लेथ आणि दुसरे लष्कर. उद्यमबागेत सकाळपासून लेथ फिरत असतात, कॅम्पात सकाळपासून परेडचा आवाज येत असतो. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे कोणी ना कोणी फौजेत असायचे आणि उरलेल्यांचे कोणी ना कोणी कारखान्यात. आमच्या घरी दोन्ही होते. आजोबा मराठा पलटणीतून निवृत्त झालेले, आणि मामांचा उद्यमबागेत दोन लेथचा छोटा कारखाना. शाळेच्या अंकासाठी काही लिहा असा निरोप आला तेव्हा हे दोन्ही जिथे एकमेकांसमोर उभे ठाकले ती आजोबांच्या रायफलची हकीकत लिहावी असे आम्ही ठरवले. आम्ही म्हणजे तिघे भावंडे, दोन भाऊ आणि एक बहीण. तिघेही याच शाळेचे आणि तिघेही एनसीसीचे. लेख तिघांचा मिळून आहे, तेव्हा सगळीकडे 'आम्ही' येईल ते वाचकांनी चालवून घ्यावे.

रायफल इशापूरची, थ्री-फिफ्टीन बोअरची. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रायफली बनतात. सैन्याची प्रसिद्ध थ्री-नॉट-थ्री तिथलीच, आणि १९६२च्या चीन युद्धानंतर त्याच घडणीवर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाची टू-ए आणि मग टू-ए-वन ही रायफलही तिथेच तयार झाली. थ्री-नॉट-थ्रीचे काडतूस सैन्याचे, म्हणून सामान्य माणसाला ती रायफल बाळगता येत नसे. नागरिकांसाठी तीच यंत्रणा थोड्या वेगळ्या काडतुसाला जुळवून थ्री-फिफ्टीन निघाली. तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातून येतात. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरे असतात, ती खडकीची खूण. आजोबांनी निवृत्तीनंतर रीतसर परवाना काढून ही रायफल घेतली, कारण खानापूर तालुक्यात आमचे शेत रानाला लागून आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. पण रानात एकट्या घरात राहणाऱ्या माणसाला हत्यार जवळ असल्याचा धीर वाटतो. आजोबांनंतर परवाना अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या नावावर आला.

आता बोल्ट म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. एनसीसीच्या मुलांना पॉइंट टू-टूमुळे तो ठाऊक आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. घराच्या दाराला कडी असते तशी ही रायफलच्या नळीची मागची कडी. मूठ वर उचलून मागे ओढली की दार उघडते, आतली रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. पुढे ढकलली की मॅगझिनमधले वरचे काडतूस नळीच्या खोलीत, म्हणजे चेंबरमध्ये जाते, आणि मूठ खाली दाबली की कडी लागते. बोल्टच्या पोटात स्प्रिंगवर ताणलेली एक बारीक दांडी असते, तीच फायरिंग पिन. फौजेत तिला स्ट्रायकर म्हणतात. चाप ओढला की दांडी सुटते, तिचे टोक काडतुसाच्या बुडाच्या कॅपवर आदळते आणि दारू पेटते. दारू पेटल्यावर नळीत चौरस इंचाला चाळीस हजार पौंडांहून जास्त दाब तयार होतो. गोळी पुढे जाते. तोच दाब मागेही येतो आणि त्याला अडवून धरणारी वस्तू म्हणजे हा बोल्ट. त्याच्या मागे चार बोटांवर नेम धरणाऱ्या माणसाचा डोळा असतो.

आमची रायफल ली-एनफिल्ड घराण्यातली. या घराण्यात बोल्टला धरून ठेवणारे खांदे मागच्या बाजूला असतात, माऊझर घराण्यात ते पुढे असतात. दोन्हींमध्ये चांगले-वाईट आहे आणि त्यावर माणसे आयुष्यभर वाद घालू शकतात. आजोबा घालायचे. त्यांच्या मते ली-एनफिल्डसारखा झपाझप चालणारा बोल्ट जगात दुसरा नाही. आम्हाला वाटते त्यात पलटणीचा अभिमानही थोडा मिसळलेला असावा.

त्या बोल्टच्या मुठीच्या बुडाशी एक नंबर ठोकलेला असतो. तोच नंबर रायफलच्या अंगावरही असतो. लहानपणी आम्हाला वाटायचे की चोरी झाली तर ओळखता यावी म्हणून हे केले असेल. खरे कारण आम्हाला शाळेत असताना कळले, तेही गणेशपूरच्या आर्मोररकाकांकडून. हे काका फौजेत हत्यारे दुरुस्त करणारे आर्मोरर होते आणि निवृत्तीनंतर गणेशपूरला राहत. एनसीसीच्या कॅम्पात कधी कधी ते वेपन ट्रेनिंगच्या तासाला येऊन बसत. ते म्हणाले, "पोरांनो, कारखान्यात रायफल जुळवतात तेव्हा बोल्टचे दोन्ही खांदे आपापल्या जागी सारखे टेकतात का बघतात. नसतील टेकत तर हाताने घासून बसवतात. एकदा बसवला की तो बोल्ट त्या रायफलचा. दुसऱ्या रायफलीत जाईल, बंदही होईल. पण टेकेल की नाही ते कोणी सांगावं? म्हणून नंबर."

या घराण्यात बोल्टचे डोके वेगळे असते आणि ते आट्यांनी बसवलेले असते. काडतूस त्या डोक्याला टेकते. डोके आणि नळीच्या मागच्या कडेमध्ये किती जागा आहे यावर सगळा खेळ असतो. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली किनार असते. ती किनार बसण्यापुरती जागा हवी, फार जास्त नको. सैन्यात त्याला दोन मापे होती. ६४ थाऊचा गेज घालून बोल्ट बंद झालाच पाहिजे, ७४ थाऊचा घालून बंद होता कामा नये. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे उद्यमबागेतल्या मुलांना सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर फोर रायफलीसाठी तर बोल्टची डोकीच शून्य, एक, दोन, तीन अशा क्रमाने थोडी थोडी लांब बनवलेली असत. रायफल झिजली, जागा वाढली, की आर्मोरर पुढच्या नंबराचे डोके लावून पाही. आमच्या थ्री-फिफ्टीनची मापे वेगळी, पण तत्त्व तेच.

ही सगळी माहिती डोक्यात असतानाच, सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, आमच्या रायफलच्या पिनचे टोक गेले.

अण्णा परवान्याच्या नूतनीकरणाच्या आधी वर्षातून एकदा रायफल चालवून पाहत. त्या वर्षी दोन काडतुसे लागोपाठ पेटलीच नाहीत. न पेटलेल्या काडतुसावर बोल्ट लगेच उघडायचा नसतो, नळी सुरक्षित दिशेला धरून थांबायचे असते. दारू उशिरा पेटली तर? तसे थांबून मग काढून पाहिले तर कॅपवर मधोमध खोल खळगा पडण्याऐवजी एका बाजूला नुसता ओरखडा होता. बोल्ट सोडवून पिन पाहिली. टोकाचा कपचा उडालेला.

मामा त्या दिवशी घरी होते. त्यांनी पिन हातात घेतली, फिरवली, खिशातले कॅलिपर लावले आणि म्हणाले, "भावजी, हे एवढंसं काम. सकाळी लावतो लेथवर, दुपारी देतो की करून." मामांच्या हातावर आमचा पूर्ण विश्वास होता आणि आहे. हायड्रॉलिकचे सुटे भाग ते मायक्रॉनमध्ये करून देतात. अण्णांनाही मोह झाला असणार. दुकानात पिन मिळेल की नाही, मिळाली तर किती दिवसांनी, कशाचाच भरवसा नव्हता, आणि लेथ तर घरचाच.

आमच्या बहिणीने त्या वेळी कायद्याच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला होता. तिने पुस्तक आणून समोर ठेवले. १९५९च्या शस्त्र कायद्यात 'अग्निशस्त्र' या शब्दात त्याचे सुटे भागही येतात. ते बनवायला, विकायला, दुरुस्त करायलासुद्धा वेगळा परवाना लागतो. अण्णांचा परवाना बाळगण्याचा होता. म्हणजे मामांनी लेथवर चार इंचांची दांडी फिरवली असती तर कायद्याच्या नजरेत तो बंदुकीचा कारखाना झाला असता. शिक्षा थोडीथोडकी नाही. मामा हसले, पण पिन खाली ठेवली. आम्ही हे मुद्दाम लिहितो आहोत, कारण आपल्या भागात लेथ घरोघरी आहेत आणि बंदुकाही काही घरी आहेत. 'माझा पाहुणाच करून देतो' हे वाक्य आम्ही नंतरही दोन-तीन ठिकाणी ऐकले आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी पिन दिसते तितकी साधी नाही, हे आर्मोररकाकांनी दुसऱ्या दिवशी समजावले. बोल्ट बंद करून चाप ओढल्यावर पिनचे टोक बोल्टच्या डोक्याबाहेर किती येते याला माप आहे. सैन्यात ते ४० ते ५० थाऊंच्या दरम्यान असे. कमी आले तर काडतूस पेटत नाही, फार तर निराशा होते. जास्त आले तर कॅपला भोक पडते आणि आतला तापलेला वायू त्या भोकातून बोल्टमध्ये, बोल्टमधून मागे तोंडावर येतो. टोक गोल आणि गुळगुळीत हवे, टोकदार झाले तर माप बरोबर असूनही कॅप फाटते. पुन्हा पोलादाला पाणी किती द्यायचे तेही आहेच. जास्त कडक झाली तर कपचा उडतो, मऊ राहिली तर टोक चेपून फुगते आणि मग पिन डोक्याच्या भोकातच अडकते. मामा हे सगळे कान देऊन ऐकत होते. पाणी देण्याचा विषय निघाल्यावर ते दोघे तासभर आमच्या अस्तित्वाची दखल न घेता बोलत बसले.

मग दुकान शोधणे आले. कोल्हापूर दोन तासांवर. पण अण्णांचा परवाना कर्नाटकापुरता, रायफल घेऊन सीमा ओलांडता येत नव्हती. सीमेचे दुखणे आपल्याला कुठे कुठे भेटते! शेवटी कर्नाटकातल्याच एका दुकानात गेलो. दुकानदाराने नुसती पिन नाही म्हणून सांगितले आणि काउंटरवर अख्खा बोल्ट ठेवला. नवा कोरा, काळाभोर, आत पिन, स्प्रिंग, सगळे जुळवलेले. "घाला आणि वापरा," तो म्हणाला. त्यावर नंबर नव्हता. दुकानातच घालून पाहिला. लोण्यात सुरी जावी तसा आत गेला, बंदही झाला, आमच्या जुन्या बोल्टपेक्षा हलका. अण्णा आमच्याकडे पाहू लागले. किंमत पिनेच्या मानाने पुष्कळ होती, पण काम तिथल्या तिथे संपत होते.

आर्मोररकाका बरोबर होते. त्यांनी मूठ दोनदा वर-खाली केली आणि अण्णांना हळूच म्हणाले, "अण्णा, हा फारच सहज बंद होतोय. मापून घेतल्याशिवाय मी हात लावू देणार नाही."

दुकानदाराला गेज ठेवायची सवय नव्हती. त्याचे म्हणणे, एवढे बोल्ट विकले, कोणाची तक्रार आली नाही. तो खोटे बोलत होता असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक रायफलींत बसतही असेल. अण्णांनी बोल्ट परत करण्याच्या बोलीवर, पावती करून, परवान्यावर नोंद करून घेतला आणि आम्ही हुबळीकडच्या एका परवानाधारक जुन्या कारागिराकडे गेलो. मामाही आपणहून आले.

तिथे जे पाहिले ते आम्ही तिघेही विसरणार नाही. त्या वृद्ध कारागिराने बोल्टमधली पिन आणि स्प्रिंग काढून ठेवली, म्हणजे हाताला खरी गाठ कळते. आधी लहान गेज घातला, बोल्ट बंद झाला. मग मोठा घातला. तो घातल्यावर बोल्ट बंद होता कामा नये. मूठ अलगद खाली बसली. कोणी काही बोलले नाही. मग त्याने खांद्यांवर फिटर लोक लावतात ती निळी शाई लावली, बोल्ट घालून बंद केला, उघडून मामांच्या हातात दिला. एका खांद्यावरची शाई पुसली गेली होती. दुसऱ्यावरची जशीच्या तशी ओली. म्हणजे सगळा भार एकाच खांद्यावर. निळी शाई हे मामांच्या रोजच्या कामातले. गेजवर त्यांनी कदाचित वाद घातला असता, शाईवर घातला नाही. बोल्ट आमच्या आईच्या हातात द्यावा तसा दोन्ही हातांनी परत दिला आणि म्हणाले, "भावजी, हा नको."

नंतर त्या कारागिराने आमची जुनी रिकामी पुंगळी मागितली. अण्णा दर वेळच्या पुंगळ्या जपून ठेवत, मोजून दाखवाव्या लागतात म्हणून. त्याने एक सायकलच्या आऱ्याची तार घेतली, टोक अणकुचीदार करून वाकवले आणि पुंगळीच्या आतून बुडापासून वर ओढत नेले. एका जागी तार किंचित अडली. बाहेरून पाहिले तर तिथेच, बुडापासून थोडे वर, एक उजळ कडी पितळेत दिसत होती. जागा जास्त असली की पुंगळीचा पुढचा भाग दाबाने नळीला चिकटतो, बूड मात्र मागे बोल्टपर्यंत सरकते, आणि मधले पितळ ताणून पातळ होते. ती उजळ कडी म्हणजे ताणल्याची खूण. आणखी ताणले तर तिथून पुंगळी तुटते आणि वायूला मागे वाट मिळते. म्हणजे आमचा जुना बोल्टही निर्दोष नव्हता. इतकी वर्षे चालून त्याचे डोके झिजले होते, आणि पिन तुटली नसती तर आम्हाला ते कळलेही नसते.

तो कारागीर एकच हकीकत सांगत होता, आणि आम्हाला वाटते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असावा. त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने असाच तयार बोल्ट घेतला होता. पहिली आठ-दहा काडतुसे व्यवस्थित चालली. नंतर एकदा पुंगळी बुडाशी तुटली. रायफल फुटली नाही, माणूस जगला, पण उजव्या डोळ्याने त्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. बोल्ट कोणी बनवला, कोणी विकला, कोणी बसवला, याचा पुढे काही पत्ता लागला नाही, कारण त्यावर नंबरच नव्हता.

अशा गोष्टी फक्त आपल्याकडे आणि स्वस्तातल्या मालातच होतात असे मात्र नाही. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्याकडे सर चार्ल्स रॉस यांची रायफल होती. नेमाला उत्तम. तिच्या शेवटच्या नमुन्यात बोल्ट साफ करून पुन्हा जुळवताना चुकीच्या रीतीने जुळवता येई, आणि तसा जुळवला तरी तो आत जाई, बंद झाल्यासारखा दिसे, पण खांदे अडकलेलेच नसत. चाप ओढला की बोल्ट सरळ मागे. चिखलात ती रायफल अडकतही असे. १९१५मध्ये ईप्रच्या लढाईत कॅनडाच्या शिपायांनी रॉस टाकून पडलेल्या ली-एनफिल्ड उचलल्या, आणि १९१६मध्ये तिथल्या सैन्याने ती बदललीच. पुढे बोल्ट चुकीचा जुळूच नये म्हणून त्यात एक रिव्हेट ठोकण्याची युक्ती निघाली. एवढ्याशा रिव्हेटसाठी किती जणांनी किंमत मोजली असेल! अमेरिकेत तर जुन्या लष्करी रायफली घेऊन त्यांचे बोल्ट, पिना, चाप बदलण्याचा मोठा छंद आहे. वजनाने हलक्या पिना मिळतात, चाप ओढल्यापासून ठिणगी पडेपर्यंतचा काळ कमी व्हावा म्हणून. पण तिथलेही जाणकार कारागीर नवा बोल्ट बसवल्यावर पहिले काम करतात ते गेज घालून पाहण्याचे.

नेमबाजीत मात्र या हलक्या पिनेला अर्थ आहे. आपल्या कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो प्रकार पॉइंट टू-टूचा. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१०मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. श्वास रोखून चाप ओढल्यावर नळी हलायच्या आत गोळी बाहेर पडावी यासाठी पिनेचा एकेक ग्रॅम मोजला जातो. आपल्या एनसीसीतल्या मुलामुलींच्या हातातही पॉइंट टू-टूच असते, म्हणून एक सांगून ठेवतो. तिच्या काडतुसाला मधली कॅप नसते, पिन किनारीवर आदळते. चेंबर रिकामे असताना गंमत म्हणून चाप ओढत बसले तर पिन चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खाच पडू शकते, पिनही बोथट होते. इन्स्ट्रक्टर रागावतात ते उगाच नाही. आणि ड्रिलच्या रायफलींवर 'डीपी' असे ठोकलेले असते, त्यांचा कुठलाही भाग चालत्या रायफलीत जाता कामा नये. त्या मुद्दाम निकामी केलेल्या असतात. परेड संपल्यावर बोल्ट काढून एकत्र ढीग करायचा आणि मग ज्याला जो मिळेल तो घालायचा, असे आम्ही एका कॅम्पात पाहिले होते. आर्मोररकाकांनी सगळे बोल्ट पुन्हा काढायला लावून नंबर बघून एकेक परत घालून घेतले होते. जेवणाला उशीर झाला म्हणून त्या दिवशी आम्ही त्यांच्यावर फार चिडलो होतो.

आमच्या रायफलचे पुढे असे झाले. त्या कारागिराकडे इशापूरच्या मोडीत काढलेल्या रायफलींची बोल्टची डोकी एका बिस्किटाच्या डब्यात होती, त्याच्या नोंदवहीत एकेकाची नोंद असलेली. एकेक लावून, गेज घालून, शाई लावून त्याने पाहिले. दोन फार आखूड निघाली. एक इतके लांब की बोल्ट बंदच होईना. चौथे बसले. लहान गेजवर बंद, मोठ्यावर नाही. बोल्टचे धड आमचेच राहिले, कारण त्याचे खांदे दोन्हीकडे सारखे टेकत होते, इतक्या वर्षांनीही. कारखान्याची पिन मिळायला अडीच महिने लागले. ती बसवल्यावर टोक किती बाहेर येते ते मापले, कॉकिंग पीसचा स्क्रू आवळला आणि मग रायफल पट्ट्याने बांधून, लांबून दोरीने चाप ओढून पहिली तीन काडतुसे उडवली. तिन्ही कॅपवर मधोमध गोल खळगा. पुंगळ्यांवर कडी नाही. दुकानदाराचा तो काळाभोर बोल्ट आम्ही परत केला. त्याने थोडे पैसे कापून घेतले, आणि तो बोल्ट पुन्हा काउंटरच्या काचेखाली ठेवला. तो तिथून कोणाच्या घरी गेला असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही. अण्णांनी त्याला गेजची गोष्ट समजावून सांगायचा प्रयत्न केला, त्याने चहा मागवला.

थ्री-नॉट-थ्रीचे दिवस आता संपल्यासारखेच आहेत. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२०च्या प्रजासत्ताक दिनी तिला निरोप दिला. इशापूरचा कारखानाही २०२१पासून नव्या सरकारी कंपनीखाली गेला. ज्यांना बोटाने चाचपून खांदा टेकला की नाही ते कळायचे अशी माणसे थोडी उरली. हुबळीकडचे ते कारागीर गेले. आर्मोररकाकाही गेले. बिस्किटाचा तो डबा कोणाकडे आहे आम्हाला ठाऊक नाही. म्हणून आमचे मत असे झाले आहे की ज्यांच्या घरी अशी जुनी रायफल आहे त्यांनी ती चालवत नसले तरी एकदा परवानाधारक कारागिराकडून मापून घ्यावी, आणि मापून देणारा मिळाला नाही तर ती चालवू नये. जमा करून टाकावी. यावर घराण्याची आठवण, आजोबांचे हत्यार, असे म्हटले जाते. आमच्याही घरी म्हटले गेले.

अण्णांनी सत्तरी ओलांडल्यावर परवाना आमच्यातल्या थोरल्याच्या नावावर करून दिला. लोकसभेच्या निवडणुकीत, २०२४च्या एप्रिलमध्ये, नेहमीप्रमाणे हत्यारे जमा करायची नोटीस आली. ठाण्यात गेलो तर गावोगावच्या बंदुका भिंतीला टेकवून ठेवलेल्या. रायफलींचे बोल्ट सुरक्षिततेसाठी काढून एका गोणपाटाच्या पिशवीत टाकत होते, सगळे एकत्र. आमच्या बहिणीने हवालदारांना विनंती केली की पावतीवर रायफलच्या नंबराबरोबर बोल्टचाही नंबर लिहावा, आणि बोल्टला चिठ्ठी बांधावी. "तोच नंबर आहे की बाई, वेगळा काय लिवायचा?" ते म्हणाले. तिने तोच का आहे ते पाच मिनिटांत सांगितले. हवालदारांनी पिशवी पालथी केली, टेबलावर सात बोल्ट ठेवले आणि चष्मा लावून एकेक वाचू लागले. सहांवर नंबर होते. सातवा काळाभोर, नवा. तो कोणाचा म्हणून त्यांनी वही उघडली आणि आम्हीही वाकून पाहू लागलो.